इंद्रभानचा खडखड्या, म्हणजे सगळ्यांचा

इंद्रभान मापारीला उंचावर बसण्याचा मनस्वी कंटाळा होता. एरवी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मेहकरहून लोणारकडे जाताना लागणाऱ्या बोरगव्हाणात त्याचं ज्वारीचं शेत होतं, आणि ज्वारी दाण्यात आली की त्या काळी घरातल्या एकाला माळ्यावर बसावंच लागे. चार बल्ल्या रोवून वर बांधलेला माळा, हातात गोफण, शेजारी दगडांचा ढीग, आणि समोर चिमण्या, राघू, भोरड्या असा सगळा गोतावळा कणसांवर तुटून पडलेला. इंद्रभान वर चढायचा, दोन-चार दगड भिरकावायचा आणि झोपायचा. एकदा झोपेत त्याने कूस बदलली आणि तो थेट खाली उभ्या ज्वारीत पडला. त्याला काही लागलं नाही. ज्वारीला लागलं.

त्याची बायको तानुबाई भाकर घेऊन येत होती, तिने ते पाहिलं. नवरा धड आहे याची खात्री करून घेतल्यावर ती म्हणाली, "पाखरं खात नाईत तेवढं तुम्ही लोळून खराब केलं."

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. इंद्रभान त्या दिवशी घरी आला तो गोठ्यात शिरला. गोठ्यात एका मोडलेल्या सायकलीचं मागचं चाक पडलेलं होतं. ते त्याने खांबावर उभं बसवलं, आऱ्यांमध्ये टिनाची पाती अडकवली आणि चाकाला एक खुंटी बांधली. वारा आला की चाक फिरे, खुंटी एका लाकडी टोल्याला उचले आणि सोडून देई, आणि टोला रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर आदळे. खड, खड, खड. नाव ठेवायला वेगळं डोकं चालवावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी खडखड्याने शेतातली सगळी पाखरं उठवली. रस्त्याने जाणारी एक बैलजोडीही उठवली, आणि तिचा मालक गाडीसकट पुढच्या गावाला लवकर पोचला. इंद्रभान बाभळीखाली आडवा झाला. पाखरं उठून गेली होती ती शेजारच्या शेषरावच्या वावरात. संध्याकाळी शेषराव तणतणत आला. त्याचं म्हणणं असं की तुझी पाखरं माझ्याकडे आली, ती परत ने. इंद्रभानने थोडा विचार केला आणि त्याला बाजूला बसवून खडखड्या कसा करायचा ते सांगितलं. चाक कुठे मिळेल, पाती किती तिरपी ठेवायची, सगळं सांगितलं. यात मनाचा मोठेपणा काही नव्हता. दोघांकडे खडखड्या असला की भांडण मिटणार होतं आणि झोप सलग होणार होती.

शेषरावने आठवड्याभरात आपला खडखड्या उभा केला. तो हुशार माणूस. इंद्रभानचं चाक एकाच दिशेला तोंड करून असे, त्यामुळे वारा फिरला की ते मुकं होई. शेषरावने मागे टिनाचं शेपूट लावलं आणि सगळंच यंत्र खांबावर गरगर वळेल असं केलं. वारा कुठूनही येवो, त्याचा खडखड्या बोलतच राही. फक्त त्याने शेपटावर पोतं टाकून ठेवलं होतं.

इंद्रभान बघायला गेला तर शेषराव आडवा उभा राहिला.

"काऊन झाकलं बे?" इंद्रभानने विचारलं.

"काई नाई. ऊन लागते त्याले," शेषराव म्हणाला.

इंद्रभान घरी आला आणि जेवला नाही. न जेवणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून तानुबाईने खोदून खोदून विचारलं. शेषरावने नक्कल केली याचं त्याला काही नव्हतं, ती तर त्यानेच करायला सांगितली होती. पण आपण सगळं उघडं करून दाखवलं आणि त्याने पोतं टाकलं, हे त्याला टोचत होतं. तानुबाईने ऐकून घेतलं. सकाळी ती शेषरावच्या वावरात गेली, चार माणसं बघत असताना पोतं उचललं आणि म्हणाली, "भाऊजी, चाकाची अक्कल आमची, शेपटाची तुमची. शेपूट झाकाचं असंन तर चाक परत द्या."

शेषरावने चाकाकडे पाहिलं. शेपूट एकटंच उभं करून काही उपयोग नव्हता. त्याने पोतं घडी करून खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांना शेपूट दाखवलं. दुसऱ्या दिवशी इंद्रभाननेही शेपूट लावलं. गावाच्या पारावर मग ठरलं ते असं: खडखड्या कुणीही करावा, कुणालाही द्यावा, पण त्यात काही नवं केलं तर ते झाकू नये.

यात आणखी एक अट जोडावी लागली ती कडूबामुळे. कडूबाचं वावर टेकडीच्या आडोशाला होतं. तिथे वारा यायचाच नाही. त्याने खडखड्या उभा केला, तो हलला नाही, आणि एक कावळा त्यावर बसून कडूबाची ज्वारी कशी खाल्ली जाते ते बघत राहिला. कडूबा इंद्रभानकडे आला. तो भांडला नाही, फक्त ओसरीवर बसला आणि म्हणाला की तुझ्या यंत्राच्या भरवशावर मी माळा मोडला, आता माझी पाखरं कोण हाकलणार. इंद्रभान भिडस्त माणूस. तो उठला, कडूबाच्या वावरात गेला, माळा पुन्हा बांधला आणि दिवसभर वर बसून गोफण फिरवत राहिला. ज्या एका कामापासून सुटायला त्याने एवढा खटाटोप केला होता ते काम आता तो दुसऱ्याच्या शेतात करत होता. खाली उतरल्यावर त्याने चौथी अट स्वतःच्या तोंडाने पारावर सांगितली: पाखरं गेली नाहीत तर तक्रार चालणार नाही.

ही बातमी मेहकरात अर्जुनराव गवई यांच्या कानावर गेली. अर्जुनराव पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची सुवचनं, बैलगाड्यांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांच्या थोरल्या भावाला खडखड्या हवा होता, म्हणून ते बोरगव्हाणला आले, आणि अटी ऐकल्यावर म्हणाले की तोंडी शब्दाने गावाची वेस ओलांडली की तो बदलतो, हे रंगवून ठेवलं पाहिजे. त्यांनी एका टिनावर पांढरा हात दिला आणि काळ्या अक्षरात लिहिलं:

"हा खडखड्या कोणीही करावा, द्यावा, विकावा. बदल केल्यास सर्वांस दाखवावा. ही पाटी काढू नये. मूळ कर्ता इंद्रभान मापारी, बोरगव्हाण. पाखरे न गेल्यास तक्रार चालणार नाही."

अर्जुनरावांचा हात मोठा मोकळा होता. सुरुवातीची अक्षरं त्यांनी दुकानाच्या पाटीसारखी काढली, त्यामुळे खाली जागा उरली नाही आणि तक्रारीचं शेवटचं वाक्य मुंगीएवढं झालं. पुढे तालुकाभर ज्यांनी ज्यांनी पाटी उतरवून घेतली त्यांनी ते वाक्य मुंगीएवढंच काढलं. ते तसंच काढायचं असतं, अशी लोकांची समजूत झाली.

पाटी उतरवण्यात कडूबाने एक भर घातली. त्याला अक्षरओळख नव्हती, पण नजर चांगली होती. त्याने वारा लागेल अशी उंचावर नवी जागा शोधली आणि वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यावर अर्जुनरावांच्या पाटीतलं एकेक अक्षर चित्रासारखं काढलं. डब्यावर आधीपासून छापलेलं होतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे'. कडूबाला वाटलं तेही पाटीतलंच. तलाठ्याने त्याला सगळं वाचून दाखवल्यावर कडूबा दुपारी ऊन चढलं की खडखड्या खांबावरून उतरवून घरात माठाशेजारी नेऊन ठेवू लागला. पाखरांना ही वेळ लवकरच कळली. बायको चिडली तर तो म्हणायचा, अट आहे, पाळावी लागते. त्याची पाटी बघून पुढे आणखी काही गावांनी पाट्या केल्या, आणि लोणारच्या बाजूला बऱ्याच वावरांत उन्हाचे चटके खात उभ्या असलेल्या खडखड्यांवर 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असं लिहिलेलं दिसू लागलं.

ग्रामसेवकाने एकदा इंद्रभानला सुचवलं की तुम्ही याचं पेटंट घ्या. इंद्रभानला पेटंट म्हणजे डोकेदुखीवर चोळायचा मलम एवढंच माहीत होतं. त्याने सांगितलं की आवाजाची सवय झाली आता, डोकं दुखत नाही.

खरी पंचाईत झाली ती बाजारच्या दिवशी. बदल दाखवायचा तर कुठे दाखवायचा, म्हणून मेहकरच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली जमायचं ठरलं. पहिल्या बाजारी दोघेतिघे आले. मग गर्दी वाढली. कुणी बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा अडकवून आणल्या. कुणी फुटक्या पितळी पराती. एकाने लग्नातल्या बँडवाल्याकडून पिपाणी आणून तिला भाता जोडला होता. एका गृहस्थाने वारा पडल्यावर चाक फिरवायला बकरी जुंपली होती. प्रयोग चालू असताना बकरीने शेजारच्या भाजीवालीची मेथी संपवली, तरी तो म्हणत होता की यंत्रात दोष नाही.

इंद्रभानला कुणालाही नाही म्हणता येत नसे. एवढा माणूस उन्हात आपलं यंत्र डोक्यावर घेऊन आला आहे, त्याला नको कसं म्हणायचं. तो प्रत्येकाला म्हणायचा, हाव, चांगलं हाये, लावू. आणि खरंच लावायचा. घागरमाळा लावल्या, पराती लावल्या, पिपाणी लावली. त्याच्या वावरातला मूळ खडखड्या हळूहळू लग्नाच्या वरातीसारखा दिसू लागला. खांब वाकला. दुसरा खांब आला. आश्विनातला वारा आधीच अर्धमेला, त्याला ते ओझं काही उचलेना. खडखड्या उभा होता, देखणा होता, आणि गप्प होता. राघू पितळी परातीत स्वतःला बघून माना वाकड्या करत होते.

तानुबाई एक दिवस त्याच्यासमोर उभी राहिली. तिने वरपासून खालपर्यंत सगळं नीट पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "आवो, वारा का तुमचा सालदार हाये? किती वझं उचलाले लावता त्याले?"

पुढच्या बाजारी कडुनिंबाखाली इंद्रभानशेजारी तानुबाई बसली. माणूस यंत्र घेऊन आला की इंद्रभान त्याची चौकशी करी, पाणी देई, गावाकडची खुशाली विचारी. मग तानुबाई यंत्र बघे. तिचा प्रश्न एकच असे: याने पाखरू उठते का? उठत असेल तर ठेवा. नसेल तर तुमच्या वावरात खुशाल लावा, आमच्यात नको. ती हे इतक्या शांतपणे सांगे की माणसाला राग यायला वेळ लागे, आणि तोवर तो बाजारातून बाहेर पडलेला असे. घागरमाळा गेल्या, पराती गेल्या. पिपाणी घरातल्या चुलीला फुंकणी म्हणून राहिली. खडखड्या पुन्हा बोलू लागला.

राग आला तो एकट्या रंगरावला. रंगराव लोणारचा, मोठा शेतकरी, आणि त्याच्या मते पाखरं आवाजाला भीत नाहीत, चेहऱ्याला भितात. त्याने खडखड्याला एक भला मोठा मुखवटा लावला होता, लाल डोळे, वटारलेल्या भुवया. ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांनी ओळखलं की हा रंगरावच्या मेव्हण्याचा चेहरा आहे. तानुबाईने विचारलं, पाखरू उठते का? रंगराव म्हणाला, मेव्हणा आला की मी उठतो, पाखरू का उठणार नाही. तानुबाईने नकारार्थी मान हलवली.

"मंग आमी आमचा येगळा करू," रंगराव म्हणाला.

"करा ना," तानुबाई म्हणाली. "पाटी ठेवजा, आन् काय केलं थे दाखवजा."

रंगरावने जाऊन 'भडभड्या' काढला. लोणारच्या बाजूची निम्मी गावं त्याच्याकडे गेली. इंद्रभानला हे फार लागलं. त्याला वाटलं आपलं घरच फुटलं. तो चार दिवस रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिला की तिकडे किती भडभडे दिसले. शेवटी तानुबाईने त्याला जबरदस्तीने लोणारच्या एसटीत बसवलं आणि स्वतः बरोबर गेली. रंगरावच्या वावरात भडभड्या उभा होता. पाटी जागच्या जागी होती, कर्ता इंद्रभान मापारी. मुखवट्याच्या वजनाने यंत्र पुढे झुकू नये म्हणून रंगरावने टोल्याच्या मागच्या बाजूला लोखंडाचा गोळा बसवला होता, आणि त्यामुळे जरासा वारा आला तरी टोला जोरात आपटत होता. तानुबाईने मुखवट्याकडे लक्षच दिलं नाही. तिने गोळा हातात धरून पाहिला आणि रंगरावला विचारलं की हे घेऊ का. रंगरावने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने उलट जेवायला बसवलं. वांग्याची भाजी आणि भाकरी खाताना इंद्रभानचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. पुढे गोळा सगळ्यांनी घेतला, आणि मेव्हणा लोणारपुरता राहिला.

पुढच्या हंगामात चिखलीहून वेगळीच खबर आली. तिथे हिंमतराव नावाच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने 'हिंमत छाप पक्षीरोधक यंत्र' विकायला काढलं होतं. हिरवागार रंग, बाहेर फक्त चाक आणि शेपूट, आणि टोला व डबा चहूबाजूंनी झाळून सांधलेल्या पेटीत बंद. पाटी नव्हती. वर हिंमतराव गिऱ्हाइकांना सांगत होते की आतली करामत आपली आहे, दुसऱ्या कुणी करू नये.

इंद्रभान आणि अर्जुनराव एसटीने चिखलीला गेले. इंद्रभान घरून चांगला तापून निघाला होता, पण हिंमतराव उठून समोर आले, बसायला गादी दिली, चहा मागवला, त्यामुळे अर्धा ताव तिथेच उतरला. अर्जुनरावांनी विषय काढला. हिंमतरावांनी विचारलं की मी विकू नये असं तुमचं म्हणणं आहे का.

"विकाले मना कोन करून राह्यलं?" इंद्रभान म्हणाला. "विका. पन पाटी लावा, आन् उघडून दाखवा."

"उघडून दाखवलं तर विकत कोण घेईल?" हिंमतराव म्हणाले.

ते हिरवं यंत्र इंद्रभानला फार आवडलं होतं. तो बोलता बोलता त्याचं चाक फिरवून बघत होता. हिंमतरावांनी हे हेरलं आणि एक यंत्र त्याला भेट म्हणून दिलं. भांडायला गेलेला माणूस आभार मानून बाहेर आला. अर्जुनराव स्टँडपर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालले.

यंत्र भलतंच जड होतं. हमालाने ते कसंबसं एसटीच्या टपावर चढवलं. गाडी चिखलीच्या बाहेर पडली, वेग आला, आणि टपावर चाकाला आयुष्यात मिळाला नव्हता एवढा वारा मिळाला. खडखडाट सुरू झाला. ड्रायव्हरने गाडी थांबवली, खाली उतरला, बॉनेट उघडलं, काही सापडलं नाही. गाडी थांबल्यावर आवाजही थांबला होता. पुन्हा निघाले, पुन्हा खडखड. पुन्हा थांबले. ड्रायव्हर गाडीखाली शिरला. कंडक्टरने सगळ्यांना उतरवून ओझं कमी केलं, दोघांनी चाकांना लाथा मारून पाहिल्या. एका म्हाताऱ्याने सांगितलं की याच गाडीने तो परवा आला तेव्हाही तिचं पोट असंच वाजत होतं. गाडी पुन्हा निघाली तेव्हा इंद्रभान खिडकीशी बसून आवाज ऐकत होता. चाल चांगली आहे, टोला मात्र थोडा दबून पडतो, असं तो अर्जुनरावांना सांगत होता, आणि सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की आपण हे कशाविषयी बोलतो आहोत. गाडी थांबल्यावर त्याने मुकाट टपावर चढून डोक्याचा फेटा सोडला आणि चाक बांधून टाकलं. मेहकरला तो बोडक्या डोक्याने उतरला. ड्रायव्हरने काय ऐकवलं ते अर्जुनरावांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

तानुबाईने यंत्र बघितलं, नवऱ्याचं डोकं बघितलं, आणि काही न विचारता यंत्र वावरात लावायला सांगितलं. थोडे दिवस ते छान वाजलं. मग आवाज बसत गेला आणि एक दिवस बंदच झाला. चाक अडकलं होतं. पेटी सांधलेली, आत हात जाईना. इंद्रभानने हातोडी आणली, पण तानुबाईने पेटीला कान लावला आणि हातोडी खाली ठेवायला लावली. आतून चिवचिव ऐकू येत होती.

बाजारात चौकशी केली तर ज्यांनी ज्यांनी हिंमत छाप घेतलं होतं त्या बहुतेकांची हीच तऱ्हा. तेल सोडायला ठेवलेल्या भोकातून चिमण्या आत शिरल्या होत्या. पाऊस लागत नाही, साप चढत नाही, मांजराचा पंजा जात नाही. पाखरं पळवायच्या यंत्रात पाखरांनी संसार मांडले होते. लोक यंत्रं घेऊन चिखलीला गेले, तर ज्या कारागिराने पेट्या सांधल्या होत्या तो सासुरवाडीला जाऊन तिकडेच राहिला होता आणि हिंमतरावांना स्वतःला आतलं काही उमगत नव्हतं. शेवटी त्यांनीच निरोप धाडला की पुढच्या बाजारी मेहकरला येतो, तुमच्या लोकांनी मदत करावी.

आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची बायको जनकाबाईही होती. कडुनिंबाखाली हिरव्या पेट्यांची रांग लागली होती आणि सगळ्यांतून चिवचिवाट चालला होता. भाजीवाले भाजी सोडून बघायला आले. एका लोहाराने इंद्रभानच्या पेटीचा सांधा हळूहळू कापला. झाकण उचललं. आत गवताचं मऊ घरटं, त्यात चोची वासलेली पिल्लं, टोल्याला गुंडाळलेल्या काड्या, आणि खाली तळाशी एक वीट.

अर्जुनरावांनी विचारलं की आतली करामत ती हीच का.

हिंमतराव अवघडले. विकत घेणाऱ्याच्या हाताला वजन लागतं, ते म्हणाले, नाहीतर माल हलका वाटतो. बाकी टोला, गोळा, खुंटी, सगळं जसंच्या तसं तुमचंच आहे. मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि ते सावरून बसले. "तुमच्या पाटीवर काय आहे? बदल केल्यास दाखवावा. मी बदल केलाच नाही. मग दाखवायचं काय?"

अर्जुनरावांनी जवळच्या एका खडखड्यावरची आपलीच पाटी वाचली. पुन्हा वाचली. मुद्दा बिनतोड होता.

"आन् वीट?" तानुबाई म्हणाली.

वीट हा बदल आहे की नाही यावर मग चर्चा सुरू झाली. शेषरावचं मत पडलं की वीट म्हणजे सामान. कडूबा म्हणाला, अटीत विटेचा उल्लेख नाही, पण कोरड्या जागेचा आहे, आणि वीट कोरडी आहे. रंगराव खास लोणारहून आला होता, तो म्हणाला की मुखवटा हा बदल धरला तर वीटही धरावी. मेथीच्या जुड्या माना टाकेपर्यंत हे चाललं. शेवटी रंगरावनेच एक गोष्ट काढली. मागच्या वादळी वाऱ्यात लोणारकडचे सगळे खडखडे आणि भडभडे आडवे झाले होते, आणि हिरव्या पेट्या तेवढ्या खांबावर ताठ उभ्या होत्या. लोकांनी आठवून पाहिलं. खरंच होतं. विटेच्या भाराने यंत्र डोलत नव्हतं.

तानुबाईने वीट उचलून हातात तोलली. "पाखरू उठत नाई याने," ती म्हणाली, "पन यंत्र पडत नाई. ठेवा."

अर्जुनरावांनी तिथेच रंग काढला आणि पाटीत एक ओळ वाढवली: विटेची कल्पना हिंमतराव, चिखली. आपलं नाव टिनावर वाळताना बघून हिंमतरावांच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो बघण्यासारखा होता. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतंच, पण ते त्यांनी स्वतः लावलेलं होतं. हे दुसऱ्यांनी लावलं होतं. त्यांनी त्याच दिवसापासून पेट्या उघडता येणाऱ्या झाकणाच्या केल्या, पाटी लावली, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, खिळे घ्यायला आलेल्यालासुद्धा, झाकण उघडून वीट दाखवू लागले. विक्री कमी झाली नाही. लोक बघायलाच जास्त यायला लागले.

पिल्लांचा प्रश्न जनकाबाईने सोडवला. उडेपर्यंत एकही पेटी रिकामी करायची नाही, असं तिने नवऱ्याला बजावलं. त्या सगळ्या पेट्या कडुनिंबाच्या फांद्यांना टांगल्या गेल्या आणि पुढचे काही बाजार चिमण्या तिथून उडून धान्याच्या पोत्यांवर उतरत राहिल्या. धान्यवाल्यांनी इंद्रभानकडे तक्रार केली तेव्हा त्याने त्यांना खडखड्या करायला सांगितलं.

इंद्रभानला या सगळ्यातून मिळालं काय, असं त्याच्या नागपूरच्या जावयाने एकदा विचारलं होतं. त्याने बराच विचार करून सांगितलं की आता कोणत्याही गावात उतरलं तरी जेवायला मिळतं. हे खरं होतं. तो कुठेही गेला की कुणीतरी ओळखायचं, कुणाचं तरी चाक अडकलेलं असायचं, आणि चाक सुटेपर्यंत चुलीवर काहीतरी शिजलेलं असायचं. उतारवयात त्याचं पोट चांगलं सुटलं.

एकदा तो आणि तानुबाई चिखलीच्या पलीकडे एका लग्नाला गेले होते. दुपारी तो पाय मोकळे करायला निघाला, तर एका वावरात खडखड्या दिसला. पाटी पार पुसून गेली होती. बांधावर भिमाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिने या पाहुण्याला हात करून बोलावलं आणि हे यंत्र कसं करायचं ते सांगायला सुरुवात केली. चाक कसं बसवायचं, पाती किती तिरपी ठेवायची, वीट कुठे ठेवायची. इंद्रभान खाली बसून सगळं ऐकत होता. मधेच त्याने गोळ्याविषयी काहीतरी सुचवलं तर ती म्हणाली, तुमाले नाई समजाचं, आधी पुरं आयका. मग तिने दाखवलं की तिने चाकाच्या कडेला आरशाचे फुटके तुकडे लाखेने चिकटवले होते. वारा पडला, चाक जरासंच हललं तरी उन्हाची तिरीप सगळ्या वावरावरून पळत जायची, आणि भोरड्यांचा थवा आवाज न होताच उठायचा.

इंद्रभान मांडवात परत आला तेव्हा पंगत बसली होती. त्याने तानुबाईला बायकांच्या पंगतीतून बाहेर बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने विचारलं, पाखरू उठते का. त्याने सांगितलं, डोळ्यांनी पाहिलं. तानुबाई वाढलेलं पान सोडून त्याच्याबरोबर वावराकडे निघाली, आणि त्या दिवशी दोघंही शेवटच्या पंगतीला जेवली.